गाठ दिसली की लंपी नव्हे

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढं समुद्र आणि जंजिरा येतो. आमचं मुरुड ते नव्हे. आमचं लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्र सोडाच, २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे याच स्टेशनावरून पुढं गेली. भोवताली ऊस, सोयाबीन, तूर. आणि रानडुकरांच्या भीतीनं जवळपास प्रत्येक शेतवस्तीवर एखाद-दुसरं कुत्रं. त्याला बहुधा नाव असतं, भाकरी असते, पण दवाखाना नसतो. दवाखाना गायीला, म्हशीला, फार तर शेळीला.

अशाच एका वस्तीवर मोत्या नावाचं कुत्रं पाहिलं. नाकाच्या दांडीवर गाठ, डाव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्ताचा थेंब. मालकानं विचारलं, “सर, कुत्र्याला बी लंपी होतो का ओ?”

प्रश्न वेडगळ नव्हता. २०२२च्या पावसाळ्यात लंपीनं महाराष्ट्रात जो हाहाकार केला तो या भागानंही पाहिला आहे. जनावरांचे बाजार बंद राहिले, गोठ्यागोठ्यांत गायी-बैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. तेव्हापासून जनावराच्या अंगावरची गाठ म्हणजे लंपी, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. लंपीचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद आहे, म्हणून तर गायींना शेळीच्या देवीची लस टोचली गेली. तो गायी-म्हशींचा आजार, कुत्र्यांचा नव्हे. पण मग मोत्याच्या नाकावर काय होतं? ते कळायला मला कुत्र्यांच्या गाठी-पुळ्यांचा सगळा पसारा समजून घ्यावा लागला. तोच इथं मांडतो. मोत्याकडं शेवटी येऊ.

आधी एक गंमत सांगून टाकतो. कुत्र्याच्या अंगावरची ‘गाठ’ म्हणून दाखवली जाणारी काही प्रकरणं गाठी नसतातच. नर कुत्र्यालाही पोटावर दोन रांगांत स्तनाग्रं असतात, हे अनेकांच्या गावी नसतं. ती गोचीड समजून चिमट्यानं ओढणारे, वर रॉकेलचा बोळा लावणारे लोक आहेत. कुत्रं का चावलं म्हणून मग आश्चर्य करायचं! छातीच्या खालच्या टोकाशी हाताला लागणारी कुर्चाही अशीच फसवते. पिल्लाच्या बेंबीशी मऊ फुगवटा असेल आणि दाबल्यावर आत जात असेल, तर तो हर्नियाचा फुगा, गळू नव्हे. त्यावर सुई किंवा ब्लेड चालवली तर आतडं बाहेर यायची पाळी.

गोचीड मात्र आमच्याकडच्या ‘गाठीं’चा खरा राजा. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. हे फक्त आपल्यालाच वाटलं असं नाही; लॅटिनमध्ये गोचिडाला आणि एरंडाला एकच शब्द आहे, रिसिनस. कानाच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात ती लटकलेली असते आणि लोकांना ती चामखीळ वाटते. नीट पाहिलं तर बुडाशी बारीक पाय दिसतात. कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा जेवतो, तिन्ही वेळा शक्यतो कुत्र्यावरच, आणि प्रत्येक जेवणानंतर खाली पडतो. पोट भरलेली मादी भिंतीवर चढते, फटीत शिरते आणि चार हजारांपर्यंत अंडी घालते. आमच्याकडची जुनी माळवदाची घरं, दगडमातीच्या भिंती, गोठ्याच्या कडेला रचलेल्या विटा ही तिची हक्काची बाळंतिणीची खोली. म्हणून कुत्र्याला कितीही औषध लावा, भिंतीच्या फटी लिंपल्या नाहीत तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

गोचीड काढल्यावर त्या जागी तुरीच्या दाण्याएवढी कडक गाठ काही आठवडे राहते. ‘तोंड आत राहिलं’ म्हणून लोक ती कोरत बसतात. बहुतेक वेळा ती शरीराची चाव्यावरची प्रतिक्रिया असते आणि आपोआप जिरते. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, पिळायचं नाही, जाळायचं नाही, बोटांनी फोडायचं तर मुळीच नाही. गाठीपेक्षा भीती वाटावी ती गोचिडातून रक्तात जाणाऱ्या जंतूंची. एर्लिकिया आणि बबेसिया ही त्यांची नावं. कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते, नाकातून रक्त येतं. नाकातून रक्त हे लक्षात ठेवा. मोत्याच्या बाबतीत यानंच सगळ्यांना चकवलं.

आता बारीक पुळ्यांकडं वळू. इथं पहिला प्रश्न एकच: खाजतं का? आणि दुसरा: कुठं?

शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागं खाज, केस गेलेले, बारीक लाल पुरळ असेल तर पिसवा. एखाद्या कुत्र्याला पिसूच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते. मग दोन-चार पिसवाही त्याला रात्रभर जागवायला पुरतात. अंगावर पिसू सापडली नाही म्हणून पिसू नाही असं होत नाही. कुत्र्याचे केस पांढऱ्या कागदावर झटकायचे. काळे कण पडले तर त्यांवर पाण्याचा थेंब टाकायचा. कण विरघळून तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. घरबसल्या होणारी इतकी सोपी तपासणी दुसरी नाही.

कानाच्या कडा, कोपर, घोटे, पोट इथं खपल्या धरल्या असतील, कुत्रं जेवण सोडून खाजवत असेल तर खरूज. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळली की खरजेच्या कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. अनुभवी डॉक्टर दारातच ही परीक्षा घेतात. हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, कातडीत बोगदे खणून राहणारा. कुत्र्याला कुशीत घेऊन झोपणाऱ्या पोरांच्या हातापोटावरही त्यानं पुरळ उठतं. माणसाच्या अंगावर मात्र त्याचा संसार वाढत नाही. कुत्रं बरं झालं की पोरंही बरी होतात.

दुसरी खरूज डेमोडेक्सची, आणि ती अगदी उलट वागते. पिल्लाच्या डोळ्याभोवती, ओठाशी, पुढच्या पायावर केस जातात, जणू उंदरानं कुरतडलेत, आणि पिल्लू मजेत खेळत असतं. सुरुवातीला खाज जवळपास नाहीच. हा किडा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून प्रत्येक पिल्लाला मिळतो आणि निरोगी कुत्र्यावर मुकाट्यानं राहतो. अंगातली प्रतिकारशक्ती ढिली पडली की तो माजतो. म्हणून ‘खाज बसावी’ म्हणून दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन इथं आगीत तेल ठरतं. माणसाला हा किडा लागत नाही. दोन्ही खरजांतला फरक डोळ्यांनी ठरवायचा नसतो. ब्लेडच्या पाठीनं कातडी खरवडून ते तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण मालकाला धीर नसतो आणि दवाखान्यात गर्दी असते.

गोल चट्टा, कडेला कोंडा, मधले केस तुटलेले असतील तर गजकर्ण. ही बुरशी आहे, किडा नाही, आणि ती माणसाला सहज लागते. घरातल्या पोराच्या मानेवर आणि पिल्लाच्या कानामागं एकाच आठवड्यात गोल चट्टा दिसला तर वेगळं निदान शोधायला नको. आमच्याकडं मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून दोघांनाही लावतात. चार दिवस लाली जाते, मग चट्टा ताटाएवढा होतो.

पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला पिवळ्या टोकाच्या पुळ्या आणि त्या फुटल्यावर राहिलेली कोंड्याची गोल कडी, हे जंतूंचं काम. दिसायला ती कडी गजकर्णासारखी, म्हणून इथं गफलत फार होते. या पुळ्या एकट्या क्वचित येतात. त्यांच्यामागं पिसवा, अ‍ॅलर्जी, थायरॉइडची कमतरता असं काहीतरी दबा धरून असतं. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर लातूर शहरात हौसेनं आणलेल्या पगना चेहऱ्याच्या घड्यांत, शेपटीच्या खळग्यात ओल राहूनही तेच होतं. या कुत्र्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घड्या माणसाच्या हौसेनं पडलेल्या आहेत.

आता अचानक येणारे फुगवटे. संध्याकाळी ठीक असलेलं कुत्रं तासाभरात तोंड सुजवून बसतं, अंगभर केस उभे राहिल्यासारखे उंचवटे दिसतात. ह्या गांधी. नावातच गांधी घेऊन फिरणारी गांधीलमाशी, मधमाशी, लाल मुंग्या, कधी नुकतीच दिलेली लस, कशानंही उठतात. बहुतेक वेळा काही तासांत उतरतात. श्वास घरघरायला लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या तर मात्र वाट पाहायची नाही. आणि ऊसतोडीच्या दिवसांत तोंडावर किंवा पायावर एकाच जागी दुखरी, काळपट, वाढत जाणारी सूज दिसली तर गांधीलमाशीआधी घोणस आठवावी. सूज उतरायची वाट पाहण्यात जीव जातो.

गरम आणि दुखरी गाठ बहुधा गळू असते. कुत्र्यांच्या भांडणात सुळा आत शिरतो, बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत पू साठत जातो. रानडुकराच्या दातानंही तेच. आमच्या माळरानावर याहून लबाड एक कारण आहे: कुसळ. सुगीनंतर वाळलेल्या गवताचं कुसळ कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात घुसतं. त्याला उलटे बारीक काटे असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांमध्ये गाठ येते, फुटते, पू वाहतो, बरी होते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येते. अँटिबायोटिकचे तीन-तीन कोर्स होतात आणि आत कुसळ तसंच असतं. ते बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही. दिवाळीनंतर कुत्रं एकच पंजा सारखा चाटत असेल तर त्याच पंजाच्या बेचक्या बोटांनी चाचपून पाहा. पावसाळ्यात उघड्या जखमेत माश्यांनी अंडी घातली की किडे पडतात. बाहेर छोटं तोंड आणि आत पोकळ, हलणारी सूज. अशा जखमेत डांबरगोळीची पूड भरतात, आणि कुत्रं ती चाटतं. ते विष आहे.

लातूर-नांदेडकडं शिकारी कुत्र्यांची जुनी हौस. चाकूर तालुक्यातलं जानवळ पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-बैलांबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. कारवान, पश्मी ही कुत्री हाडकुळी, कातडी पातळ, चरबी नावाला. शहाबादी फरशीवर किंवा कडक जमिनीवर झोपून त्यांच्या कोपरांवर केस जातात, कातडी राखाडी आणि जाड होते; कधी तिथं पाण्याची पिशवी साठते. हा रोग नाही, अंथरुणाची उणीव आहे. गोणपाटाच्या दोन घड्या टाकल्या तरी पुरतं. पण हौशी मालक ती पिशवी सुईनं रिकामी करतो, जंतू आत जातात आणि नसलेला रोग तयार होतो.

राहिल्या त्या न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या गाठी. माणसाला खरी धास्ती यांचीच, आणि इथंच वय विचारावं लागतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या ओठांवर, तोंडात फ्लॉवरसारखी चामखीळ आली तर ती विषाणूची. काही महिन्यांत बहुधा आपोआप झडते. तरुण कुत्र्याच्या कानावर किंवा डोक्यावर शर्टाच्या बटणासारखी लाल, गुळगुळीत गाठ वेगानं वाढते, बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि दोन-तीन महिन्यांत ती आपसूक विरते. म्हाताऱ्या, अंगानं भरलेल्या लॅब्राडॉरच्या बरगडीवर मऊ, कातडीखाली इकडंतिकडं सरकणारी गाठ बहुधा चरबीची. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय. कारण मास्ट पेशींची गाठ या सगळ्यांचं सोंग घेऊ शकते. कुत्र्यांच्या कातडीच्या गाठींत साधारण पाचवा हिस्सा हिचा. आज फुगलेली, उद्या बसलेली. चोळली की लाल होऊन सुजते. अशी गाठ दाबून पाहायची नसते. आणि नसबंदी न झालेल्या, सात-आठ वर्षांपुढच्या कुत्रीच्या पोटावरच्या रांगेत खड्यासारखं काही लागलं तर ते दुधाची गाठ म्हणून सोडायचं नाही. स्तनांच्या गाठींपैकी बऱ्याच कर्करोगाच्या निघतात.

हाताला लागलेल्या गाठीचं माप लिहून ठेवायची मला सवय लागली आहे. इंचपट्टी नको, आपली धान्यं आहेतच: ज्वारी, तूर, हरभरा, मग लिंबू. कॅलेंडरवर तारखेपुढं ‘उजवा खांदा, तूर’ एवढं लिहिलं तरी पुरे. हरभऱ्याएवढी झाली किंवा महिनाभर टिकली तर सुई घालून तपासायची. बारीक सुईनं चार पेशी ओढायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंग देऊन पाहायच्या. भूल लागत नाही. पाहून, चाचपून ‘काही नाही, चरबी आहे’ म्हणणारा कितीही मोठा डॉक्टर असो, त्याच्या बोटांना पेशी दिसत नाहीत.

या तपासणीची वाट न पाहता जे काही केलं जातं, त्यावर माझा राग आहे. जळकं ऑइल, रॉकेल, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फवारणीचं उरलेलं औषध. कुत्रं अंग चाटतं हे माहीत असूनही आपण त्याच्या अंगावर सोयाबीनचं कीटकनाशक ओततो. लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं, आणि मग ‘गाठीनं मेलं’ असं सांगितलं जातं. गायीसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचणंही तसलंच. ज्या औषधाच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं ते वाईट नाही. पण कुत्र्याचा डोस किलोवर बेतलेला असतो, आणि कोली जातीच्या किंवा तिच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांना एका जनुकामुळं तेच औषध मेंदूवर जातं. आज महिन्याला किंवा तीन महिन्यांना एकदा द्यायच्या गोळ्या मिळतात. गोचीड, पिसवा आणि दोन्ही खरजा त्यांनी आवाक्यात येतात. महाग आहेत, पण वर्षभराच्या जळक्या ऑइलपेक्षा आणि मेलेल्या कुत्र्यापेक्षा महाग नाहीत. आणखी एक: वर जे काही लावलं असेल त्याच्या थराखाली डॉक्टरला काहीच दिसत नाही. औषध आधी, निदान नंतर, अशी आपली उलटी रीत.

आता मोत्या. नाकातून रक्त म्हणून गोचीडताप धरला गेला, सात दिवस गोळ्या झाल्या. रक्त थांबेना, गाठ वाढली. शेवटी मालकानं त्याला गाडीत घालून लातूरला नेलं. डॉक्टरांनी नाकावरच्या गाठीत सुई घातली, काच पाहिली आणि मलाही डोळा लावायला दिला. गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीच्या आत रिकाम्या थेंबांची माळ. “टीव्हीटी,” ते म्हणाले.

हा सांसर्गिक कर्करोग. भटक्या आणि मोकळ्या कुत्र्यांत आपल्याकडं सर्रास आढळणारा, बहुतेक वेळा जननेंद्रियावर फ्लॉवरसारखा वाढणारा, समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जाणारा. हुंगण्या-चाटण्यातून तो नाकातही जातो. यात विषाणू किंवा जंतू पसरत नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. १८७६ साली रशियात नोव्हिन्स्की नावाच्या पशुवैद्यानं कुत्र्याची गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ देशांतल्या ५४६ गाठी तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा की या सगळ्या गाठी आशियात ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी जगलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींच्या वंशातल्या आहेत. ते कुत्रं केव्हाच मेलं, त्याच्या पेशी मेल्या नाहीत. मुरुडच्या वस्तीवर मोत्याच्या नाकात जे वाढत होतं, ते मोत्याचं नव्हतंच.

इतक्या जुनाट रोगाचं औषध आपल्या दारात उभं आहे. व्हिनक्रिस्टिन हे सदाफुलीतून मिळणारं द्रव्य, आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण तीन ते सहा वेळा. बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. (हे वाचून कुणी सदाफुलीची पानं वाटून पाजू नयेत. ढीगभर पानांतून चिमूटभर निघणारं ते द्रव्य शिरेतच जावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते.) नसबंदी झालेली कुत्री गावात वाढली की हा रोग आपोआप उतरतो, म्हणून तोही खर्च गावानं हिशेबात धरावा. लातूरला जाणं जमत नसेल तर १९६२ क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करावी. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गुंतागुंतीची गाठ तिथं दाखवता येते.

दुसऱ्या इंजेक्शननंतर मोत्याच्या नाकातलं रक्त थांबलं. चौथ्याला गेलो तेव्हा गाठीच्या जागी बोटाला फक्त किंचित खडबडीतपणा लागत होता. मालक म्हणाला, “आता बास की, सर.” डॉक्टरांनी पाचवं इंजेक्शन तरीही दिलं.